ढाल मोठी की लीग?

चिखली, ५ जानेवारी २०२५

ती. मामांस,
स्वप्नालीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि मेसेज तुम्ही उघडत नाही, तेव्हा पत्र. दोन राष्ट्रीय प्रश्नमंजूषा स्पर्धांसाठी माझी निवड झालीय, नागपूरची ढाल आणि बंगळूरची लीग. दोन्ही दोन फेब्रुवारीलाच. एकमेकांची मुलं पळवायला मुद्दाम एकच तारीख ठेवतात म्हणे.

राष्ट्रीय स्पर्धेत पहिल्या दहांत आलेल्यांसाठी दिल्लीच्या एका संशोधन संस्थेत एम.एस्सी.च्या दोन जागा आहेत, राहण्याखाण्यासकट. मिळाली तर पप्पा पाठवतील. नाहीतर जूनपासून चाकणला कंपनीत, असं त्यांनी आईला सांगून टाकलंय. माझ्या वर्गातली विजयश्री म्हणते, लीगच मोठी, तिथं तीनशे जण येतात आणि ढालीला चाळीससुद्धा नाहीत. तुम्ही ढाल खेळलेले. तुम्ही म्हणाल तिकडे जाईन. कान सांभाळा आणि माया असू द्या.

आपली,
स्वप्नाली

भूम, ११ जानेवारी २०२५

चि. स्वप्नालीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मोठी कुठली हे विचारावं लागतं, याचंच वाईट वाटलं. ढालीत पर्याय देत नाहीत. प्रश्न एकदाच वाचतात आणि तिसऱ्या चुकीला घरी पाठवतात. तुमच्या लीगमध्ये पडद्यावर चार पर्याय आणि मागे गाणी वाजतात, असं ऐकतो. तीनशे जण म्हणजे निव्वळ खोगीरभरती. चौऱ्याऐंशी साली मी ढालीत दुसरा आलो, तेव्हा शिक्षणाधिकाऱ्यांनी उठून मला खुर्ची दिली होती.

दिल्लीची माणसं जाणकार. ढाल म्हटल्यावर पुढचं विचारणार नाहीत. तू नागपूरला जा. सोबत तिळगूळ आहे. विजयश्रीलाही दे, लीगवाली असली तरी. तुझ्या पप्पांना, दत्तोबांना नमस्कार सांग, तुझ्या आईला आशीर्वाद, आणि निकाल आधी मला कळव.

तुझा मामा,
भीमराज

चिखली, ९ मार्च २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

ढालीत पहिली आल्याचं मागच्या पत्रात कळवलंच होतं. आता पुढचं. दिल्लीची यादी लागली. त्यात विजयश्रीचं नाव आहे. लीगमध्ये ती नववी आली होती. माझं नाव नाही.

संस्थेत फोन केला. तिथल्या बाई गोड बोलल्या. त्यांच्या नियमात राष्ट्रीय स्पर्धा म्हणजे फक्त लीग. ढालीचं नाव त्यांनी कधी ऐकलेलं नव्हतं. यादी बदलत नाही, असंही म्हणाल्या. पप्पा जेवून वर्कशॉपला गेले. विजयश्री येऊन माझ्यापेक्षा जास्त रडली. तिला समजावता समजावता माझं रडायचं राहूनच गेलं. तुम्ही जिवाला लावून घेऊ नका.

आपली,
स्वप्नाली

भूम, १६ मार्च २०२५

चि. स्वप्नालीस,
आशीर्वाद द्यायला हात उचलवत नाही, तरी देतो.

संस्थेला दोन पत्रं टाकली आहेत. उत्तराची आशा नाही. तुझं भलं पाहिलं असं म्हटलं तर ते अर्धंच खरं. चौऱ्याऐंशीत शेवटचा प्रश्न सोपा होता. मी घाईनं बोललो आणि ढाल गेली. घरातल्या कुणीतरी ती आणावी, ही हाव मला चाळीस वर्षं होती. आमच्या शाळेतल्या किसन मास्तरांनी मागेच सांगितलं होतं, की आता सगळीकडे लीगच चालते. मी त्यांना वेड्यात काढलं. ते तुला लिहायला हवं होतं. तू जिंकलीस तेव्हा मी पेढे वाटले, ते माझ्याच जिंकण्याचे. बोलावंसं वाटलं नाही तरी दोन ओळी टाकत जा.

तुझा अपराधी मामा

चिखली, २२ जून २०२५

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

चाकणला लागले. क्वालिटीत आहे, पहिली शिफ्ट. पार्ट मापाच्या गेजमध्ये बसला तर पुढे, नाही बसला तर लाल खोक्यात. आठ तास एवढंच. विजयश्री परवा दिल्लीला जातेय. तिला सोडायला स्टेशनवर येते म्हटलं होतं, पण सुट्टी मागितलीच नाही.

तुमचा राग आला होता, अजून आहे. पण एक गोष्ट तीन महिने लपवली. नागपूरला निघायच्या चार दिवस आधी विजयश्रीनं दिल्लीच्या संस्थेच्या नियमांचा कागद माझ्या हातात ठेवला होता. मी तो पूर्ण वाचला, फक्त लीगच धरतात हे त्यात होतं. लीगवाले अजून मला घेत होते. तरी मी नागपूरला गेले, कारण मलाही ढालच हवी होती. वाटलं, तिथं पहिल्या आलेल्या मुलीला नाही कोण म्हणेल. नंतर सगळा दोष तुमच्यावर राहू दिला. घरात अजूनही तसाच आहे, आणि पप्पांना खरं सांगायची माझी हिंमत नाही.

आजही कुणी विचारलं तर ढालच मोठी म्हणेन. इथं ते कुणी विचारत नाही.

लोभ ठेवा असं लिहायला लाज वाटते. तरी ठेवा.

आपली,
स्वप्नाली