नीमियाला मीच चालवणार

३ फेब्रुवारी
नीमियाला काल हॉस्पिटलमधून घरी आणलं. स्ट्रोकने उजवी बाजू गेलीय. बोलणंही गेलंय. एकच शब्द शिल्लक आहे, 'नंतर'. तोही आमच्या गुआरानी बोलीत. भूक लागली का? नंतर. दुखतंय का? नंतर.

काळजीचं कारण नाही. आमच्या विल्यारिका गावच्या शाळेत मी आयुष्यभर पी.टी. शिकवली. डावा-उजवा न कळणारी पोरं परेडमध्ये चालवली. ही तर माझी बायको. ईस्टरला चर्चमध्ये माझा हात धरून चालत जाईल.

मेहुणी सुनील्दा मागच्याच गल्लीत राहते. म्हणाली, दाजी, सकाळची येत जाईन. मी म्हटलं, गरज नाही. हॉस्पिटलमधल्या बाईंनी सांगितलं, पेशंटचं करणाऱ्या घरच्यांचा एक ग्रुप आहे, गुरुवारी चर्चच्या हॉलमध्ये जमतो, जात जा. मी म्हटलं, बाई, स्ट्रोक हिला आलाय, मला नाही.

६ फेब्रुवारी, पहाटे
टाइमटेबल करून भिंतीवर चिकटवलं. व्यायाम, नाश्ता, बोलण्याचा सराव, व्यायाम. कपाटात जुनी शिट्टी सापडली.

त्याच दिवशी, दुपारी
नीमिया झोपली होती. उठवणं बरं दिसलं नसतं. मीही जरा आडवा झालो. टाइमटेबल उद्यापासून.

११ फेब्रुवारी
टाइमटेबल सोमवारपासून.
मंदिओकाचे कंद उकडायला ठेवले आणि भांड्याचा तळ जळाला. भांडंच पातळ होतं.

१४ फेब्रुवारी
गिळताना अडकतं म्हणून पाणीसुद्धा घट्ट करून द्यायचं, पातळ काही पाजायचं नाही, असं हॉस्पिटलने बजावलंय. पण इथल्या फेब्रुवारीच्या एवढ्या उकाड्यात स्वतः तेरेरे, आमचा पानांचा थंड काढा, प्यायचा आणि बायकोला नाही म्हणायचं? थंडगार दिला. दोनच घोट. ठसका लागला. ओठ जरा निळे झाले.

सुनील्दा नेमकी डबा घेऊन आली होती. तिने हिला पुढे वाकवलं, पाठीत थापट्या घातल्या. आलं बाहेर सगळं. मग माझ्याकडे वळून म्हणाली, दाजी, माझ्या बहिणीला मारायचंच असेल तर आधी सांगा, मी काळे कपडे इस्त्रीला देते.

तिचा स्वभावच तिखट. ठसका किरकोळ होता. संध्याकाळपर्यंत हिचे श्वास मोजत बसलो. पी.टी.ची सवय.

१९ फेब्रुवारी
वजन कसं उचलायचं हे मला कोणी शिकवायला नको. गुडघ्यात वाकायचं, पाठ ताठ. हिला पलंगावरून खुर्चीत बसवत होतो. खुर्ची सरकली. दोघंही खाली.

फार लागलं नाही. पण माझी पाठ धरली, उठता येईना. फरशी गार होती. नीमिया छताकडे बघत होती. मीही बघितलं. छताला ओल आलीय. किती वेळ गेला कोण जाणे. घाबरायला हवं होतं, पण काहीच वाटत नव्हतं. मी म्हटलं, उठू या. ती म्हणाली, नंतर. मी म्हटलं, बरं.

शेजारच्या कास्तुलोने खिडकीतून डोकावून विचारलं, मास्तर, दोघं जमिनीवर काय करताय? मी म्हटलं, गारव्याला पडलोय. त्याने आधी हिला उचललं, मग मला.

२६ फेब्रुवारी, गुरुवार
ग्रुपला जाऊन आलो. सुनील्दाने जवळजवळ ढकललंच. मी म्हटलं, लोकांना उचलण्याचं तंत्र तरी समजावून सांगतो.

बहुतेक बायकाच. ओब्दुलियाबाई सगळं चालवतात. त्यांचे मालक कित्येक वर्षं अंथरुणाला खिळलेत. त्यांनी विचारलं, मास्तर, झोप लागते का? मी म्हटलं, नीमियाला छान लागते. जेवण? थोडं थोडं जेवते. त्या म्हणाल्या, अहो, मी तुमचं विचारतेय. मी म्हटलं, तेच सांगतोय ना. कोपऱ्यातली एक बाई हसली. मग म्हणाली, हसले म्हणून रागावू नका, मीही पहिल्या दिवशी असंच सांगत होते.

तंत्र सांगायचं राहिलं, कारण मला डोळा लागला. जाग आली तेव्हा हॉल झाडून झाला होता, दिवे लागले होते आणि माझ्या मांडीवर कागदात बांधलेला चिपा, चीजचा छोटा पाव, होता. ओब्दुलियाबाई शेजारी विणत बसल्या होत्या. म्हणाल्या, उठवलं नाही, घोरत होतात. सुनील्दा आहे ना तिच्याजवळ? मग बसा.
बसलो.

३ मार्च
सुनील्दाला सकाळी यायची परवानगी दिली. तिलाही काहीतरी उद्योग हवाच.

१० मार्च
रागच आलाय. मी व्यायाम म्हटलं की ही पाय हलवत नाही. नंतर. शिट्टीसुद्धा वाजवून पाहिली. नंतर.

१९ मार्च
सकाळी सुनील्दा म्हणाली, दाजी, अवतार बघा, न्हाव्याकडे जाऊन या. गेलो.

परत आलो तर नीमिया अंगणाच्या दारात उभी. उभी! सुनील्दाचा हात धरून पलंगापासून चालत आलेली. कास्तुलो कुंपणापलीकडून टाळ्या वाजवत होता. मला बघताच ही मटकन खुर्चीत बसली.

सुनील्दाला म्हटलं, आता माझ्यासमोर चालव. ती म्हणाली, तुमच्यासमोर नाही चालणार. विचारा तिलाच. मी विचारलं. नीमियाने डावा हात उचलून माझ्या कमरेकडे बोट केलं, मग जमिनीकडे. सुनील्दा म्हणाली, कळलं ना? ती पडली की तुम्ही उचलायला धावणार, आणि मग तुम्हाला उचलावं लागणार. याच धास्तीने पाय हलत नाही तिचा. गेला आठवडाभर चालतेय ती, तुम्ही बाजारात गेलात की.

मी ठीक आहे म्हटलं. ठीकच आहे.

उद्याही सकाळी मला बाहेर जायला सांगितलंय. केस तर आजच कापून झाले. कुठे जावं ते अजून ठरलेलं नाही.