कासारीण मावशीनं धरलेला हात

शुक्रवार, माघ महिना, दिवस मावळताना

आज टँकरपाशी कासारीण मावशी भेटली. तिला बघून मी आधी हात पदराखाली लपवला. नाकातून आपरेशन करून माज्या डोक्यातली गाठ काढली, त्याला तीन वर्सं झाली. त्या गाठीनंच हातपाय वाढलते. डागदर म्हनले, सूज उतरंल, पर वाढलेलं हाड मागं येत न्हाई; अन् हात पुन्ना वाढाया लागला तर गाठ आली आसंल, लगेच या.

वाढला आसंल तर? पोरगी आताशी शाळंत जाती. दुष्काळानं इथला कारखाना बंद, म्हून हे लांब ऊस तोडाया गेलेत. सांगू कुणाला?

मावशी म्हनली, "दे गं हात. खाती का काय मी तुला?" तिनं माजी बोटं दाबून धरली, अंगठा आत मुडपला. मी डोळे मिटले. बांगडी हातात गेली.

"वर्साखाली भरल्या तेच माप हाय की. कावून रडती बाई?"

वाढला न्हाई. कमी बी न्हाई. लगनातला चुडा आता मला व्हायचा न्हाई, पोरीलाच ठिवायचा. रगत तपासाया जायचंच हाय, पर आजच्यापुरता जीव भांड्यात पडला.

रीतीची एक बिनपैशाची बांगडी तिनं वरून घातली, मी पाया पडले. ती गेली तरी माजा हात तसाच पुढं. हे गेल्यापून कुणी धरलाच नव्हता तो.