भेव लागून राह्यलं, बस!

प्रिय यमुना,

अंगणातला हातपंप, त्याचे चामड्याचे वायसर मी स्वतः कापले, तेलात मुरवले. बेरिंगवर बसवलेलं जातं, एका बोटानं फिरणारं. पुढच्या दाराला झडप, आणि तिच्यातून आत-बाहेर सरकणारी सागवानी फळी, तिच्यावर भाजीवाली भाजी ठेवणार आणि तू चेहरा न दाखवता ओढून घेणार. मारुतीच्या देवळात जावं लागू नये म्हणून देव्हारा. त्याच्या कमानीची दोन अंगं सुतानं मोजून पाहा, फरक निघायचा नाही. चारी बाजूंनी पडदे सोडून बंद होणारी बैलांची दमणी. आणि स्वयंपाकघरापासून माझ्या दुकानापर्यंत ओढलेली तार, मधे तीन कप्प्या, टोकाला पितळेची घंटी.

हे सगळं या दोन हातांनी केलं. कुणाचा चेला नव्हतो मी. दुसरीपर्यंत शाळा, आणि पुढे कापसाच्या जिनातली मशिनं दुरुस्तीला उघडली की दाराशी उभं राहून पाहायचं, एवढंच माझं शिक्षण. आणि एवढी सगळी करामत एकाच माणसासाठी: तुला उंबऱ्याबाहेर पाऊल टाकावं लागू नये म्हणून!

पाहिलंस? पत्राच्या सुरुवातीलाच तुझं नाव लिहून मोकळा झालो. जन्मभर ‘काशीची माय’ म्हणालो, तूही मला ‘अवो’ म्हणालीस. तोंडानं नाव घेतलं नाही, हातानं लिहिताना मात्र काही वाटलं नाही. उलट बरं वाटलं.

आज का लिहितो ते सांगतो. आज गुरुवार, बाजाराचा दिवस. लोखंडवाल्याच्या पालापाशी कानस पारखत उभा होतो. एकाएकी कानात घूं घूं, छातीत धडधड, पाय जसे माझे नाहीतच. समोरचा माणूस बोलतो आहे आणि त्याचं तोंड तेवढं हलताना दिसतं आहे. लोखंडवाला म्हणाला, “काय झालं, मिस्त्री? घाम काऊन फुटून राह्यला?” मी म्हणालो, “काई नाई, वायू झाला.” आणि कानस तिथंच टाकून घरी पळालो. हो, पळालो! मी!

घरी आल्या आल्या बरं वाटलं. आणि त्या बरं वाटण्यानंच मी घाबरलो, यमुना. कारण ते बरं वाटणं मी ओळखतो. तुझ्या चेहऱ्यावर कितीतरी वर्षं पाहिलेलं आहे.

तुझं सुरू झालं ते विहिरीवर. काशीच्या पाठचा आपला मुलगा हगवणीनं गेला त्याच उन्हाळ्यात. दोर ओढता ओढता तुझा हात सुटला, बादली खाली गेली, आणि तू काठावर बसून म्हणालीस, “मी मरून राह्यली, कोनी त्यायले बोलवा.” बायांनी उचलून आणलं. वैद्यानं नाडी पाहिली, काही नाही म्हणाला. शेजारच्या अनसूयाबाईंनी बाहेरचं लागलं म्हणून निदान केलं. मग लिंबू झालं, गंडा झाला, अंगारा झाला. तुझं मात्र विहिरीवर जाणं सुटलं. मग बाजार सुटला, मग देऊळ, मग ओसरी.

आणि तुझं एकेक सुटत गेलं तसा मी एकेक बनवत गेलो. गावातले लोक पंप पाहायला यायचे. “घरात रानी बसवली मिस्त्र्यानं,” बाया म्हणायच्या. मला ते टोमणे वाटलेच नाहीत. कौतुकच वाटलं! तू आत बसून ते ऐकत होतीस. तुला काय वाटत होतं? हे मी तुला कधीच विचारलं नाही. तूही कधी सांगितलं नाहीस हं, हेही लिहून ठेवतो.

काशीचं दुसरं बाळंतपण पुलगावला, सासरी व्हायचं ठरलं. तिची सासू अंथरुणाला खिळलेली, करायला कुणी नाही. काशीचा निरोप आला, आई ये. तू तो निरोप ऐकलास आणि चुलीपुढे बसून राहिलीस. चुलीत लाकूड नव्हतं. मी म्हणालो, “दमणी हाये ना, पार पुलगावपर्यंत नेतो, बाहेरचं काई दिसनार नाई.” तू म्हणालीस, “आन् तिथं? तिथं कोनत्या दमनीत बसू?”

म्हणून आपण आर्वीला गेलो. वर्ध्याहून एक डॉक्टरीणबाई दर मंगळवारी तिथल्या दवाखान्यात येतात, मनाच्या दुखण्यावर नुसतं बोलून इलाज करतात, असं गावच्या शाळेतल्या मास्तरांनी सांगितलं होतं. मी हसलो होतो. बोलून काय दुरुस्त होतं? सैल झालेला नट बोलून आवळतो का? तरी गेलो. दमणीचे पडदे सोडून, तुला गोधडीत गुंडाळून.

बाईंनी तुझी छाती नळीनं तपासली. मग नळी बाजूला ठेवली आणि खुर्ची पुढे ओढली. किती वेळ तुलाच बोलू दिलं! विहिरीचं विचारलं. हात सुटायच्या आधी मनात काय आलं, तेही विचारलं. आणि तू मुलाचं बोललीस. माझ्यासमोर कधी न रडलेली तू त्या परक्या बाईपुढे पदर तोंडात कोंबून रडलीस. मी खिडकीच्या बिजागऱ्या पाहत उभा होतो.

“तुमचं हृदय ठणठणीत आहे, यमुनाबाई,” त्या म्हणाल्या. “समोर वाघ आला तर अंगात जे जे व्हायला पाहिजे, ते सगळं तुमच्या अंगात होतं. फक्त वाघ नसतो.”

“मंग मी मरनार नाई?”

“एक दिवस आपण सगळेच मरू. पण यानं नाही.”

तू हसलीस. कितीतरी दिवसांनी!

मग त्या म्हणाल्या, “भीती चढते, एका जागी थांबते आणि उतरते. तुम्ही ती उतरायच्या आधीच घरी पळता. तिचा उतार तुम्ही कधी पाहिलाच नाही.”

तेवढ्यात मी माझ्या वस्तूंचं सांगितलं. वाटलं, बाई खूश होतील. घंटीचं तर कप्प्यांसकट सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाल्या, “मिस्त्री, काम उत्तम आहे. पण तुम्ही भीतीलाच घर बांधून दिलंत.”

माझं डोकं फिरलं. “घंटी वाजली आन् मी गेलो नाई, तर मी मानूस कसला?”

“तुम्ही धावत जाता, म्हणून त्यांना दर वेळी पटतं की संकट खरंच होतं.”

मी बैल जुंपले. वाटभर बैलांवरच ओरडत होतो. दहेगावच्या पुढं नाल्यापाशी तूच पडदा जरा बाजूला केलास. “अवो,” म्हणालीस, “राग नोका धरू. त्या बाई म्हन्ते ते खरं हाये. तुमी धावत येता, तुमचं तोंड पांढरंफट असते. थे पाहून मले वाटते, आता खरंच आपलं काई खरं नाई.”

हे तू आधी का नाही गं सांगितलंस? एवढी वर्षं माझं तोंड पाहून तू भीत होतीस?

ठरलं ते असं. घंटी वाजली तरी मी जायचं नाही. तू भिंतीला पाठ लावून बसायचं, श्वास सावकाश सोडायचा, घेण्यापेक्षा सोडणं लांब, आणि भीती उतरेपर्यंत जागा सोडायची नाही. पहिल्यांदा घंटी वाजली तेव्हा मी बैलगाडीच्या चाकाला आरा बसवत होतो. ती वाजतच राहिली. मी दोन्ही हातांनी चाक धरून ठेवलं, चाक पळून जाईल असं! आयुष्यात इतकं अवघड काम केलं नाही मी. मग घंटी थांबली. ते थांबणं वाजण्यापेक्षा भयंकर होतं. किती वेळानं तू स्वतः दुकानाच्या दारात आलीस. घामानं लुगडं अंगाला चिकटलेलं. म्हणालीस, “उतरलं. खरंच उतरते हो थे!”

तो आरा वाकडा बसला. मी तो काढला नाही. गिऱ्हाइकाला दुसरं चाक करून दिलं.

मग तू ओसरीवर बसू लागलीस. मग कडुनिंबापर्यंत. मग विहीर. अर्ध्या वाटेतून परतायचं नाही, हा बाईंचा नियम. उभं राहायचं, थांबायचं, उतरू द्यायचं. कधी कधी तू तशी उभी असलीस की रस्त्यावरच्या पोट्ट्या हसायच्या. विहिरीवर तर काय सांगू! अनसूयाबाई म्हणाल्या, “काय व, मिस्त्रीनबाई, पंपाले गंज लागला का?”

“पंपाले नाई,” तू म्हणालीस, “मले लागला होता.”

त्याच अनसूयाबाई दुसऱ्या दिवसापासून तुझ्यासोबत निघाल्या. अंगाऱ्याची पुडी मात्र कमरेला खोचूनच!

सगळं सरळ नाही झालं. पोळ्याच्या गर्दीत तू पुन्हा घरी पळालीस आणि आठवडाभर दार लावून बसलीस. मी म्हणालो, गेले सगळे कष्ट पाण्यात. आर्वीच्या बाई म्हणाल्या, नाही, चाललेलं कुठं जात नाही, पुन्हा कडुनिंबापासून सुरू करा. आणि तू केलंस. मी तर एखादी वस्तू दुसऱ्यांदा बिघडली की भंगारात टाकतो.

पुलगावला जायचा दिवस. तू दमणीत बसायला नाही म्हणालीस. मोटारीनं आर्वी, तिथून छोटी रेल्वे. वर अट घातलीस, “तुमी मांगं बसा. माझ्याकडं पाहू नोका.” मी मागच्या बाकावर, तू पुढं, बायांत. घाट उतरताना तुझी मान ताठ झाली. मला कळलं. तुझा हात समोरच्या दांडीवर आवळला. कंडक्टर म्हणाला, “बाई, तब्येत बरी नाई का? मोटार थांबवू?”

आणि तू, यमुना, भरल्या मोटारीत, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालीस, “नोको थांबवू, बाप्पा. मले काई झालं नाई. भेव लागून राह्यलं, बस!”

कुणी हसलं नाही. शेजारची म्हातारी म्हणाली, “मले बी लागते व, या घाटात.” आणि मोटार चालत राहिली.

तुझ्यासारखं ते वाक्य मला आजही येत नाही. बाजारात तोंडातून ‘वायू’ आला. मिस्त्रीला भेव? लोक काय म्हणतील? एवढं मोठं दांडगं शरीर, आणि एवढासा शब्द बाहेर पडत नाही.

काशीच्या बाळाला तू तेल लावलंस, शेक दिलास, सगळं केलंस. परत आलीस ती एकटी, रेल्वेनं! मी आर्वी स्टेशनात उभा होतो. तू उतरलीस ती माझ्याकडे न पाहता आधी सामान मोजू लागलीस. त्यानंतरचं वर्ष तू काय काय नाही केलंस! बाजार, देऊळ, लग्नं, माहेर. मला म्हणायचीस, “तुमीच घरी बसून राह्यता आता.”

आणि मग टायफाईड. भीतीनं नाही मेलीस, डॉक्टरीणबाईंनी खरंच सांगितलं होतं. तापानं गेलीस, वर्ध्याच्या दवाखान्यात, पंख्याखाली. माझा हात तुझ्या हातात होता आणि तू शांत होतीस, मी नव्हतो. एवढं कष्टानं मिळवलेलं मोकळेपण आणि ते भोगायला एकच वर्ष? हा कुठला हिशेब? कुणाला विचारू? माझ्यावर रागावून नाही ना गेलीस?

तुला घेऊन गेलेल्या त्या आर्वीच्या मोटारीत मी तेव्हापासून बसलेलो नाही. बाजारात लोक तुझं नाव काढतात, म्हणून बाजाराची वाट चुकवू लागलो. आज मन घट्ट करून गेलो, तर हे असं झालं.

परवा हिंगणघाटचे एक जिनवाले शेटजी दुकानात आले होते. माझं काम पाहिलं. नवीन जिन काढतायत. म्हणाले, आवारातच खोली, आवारातच नळ, जेवण भटारखान्यातून. “मिस्त्री, तुमाले फाटकाबाहेर पाय ठेवायची गरज नाई.” हे ऐकलं आणि जीव कसा हलका झाला! इथून निघून जावं. ना तो बाजार, ना ती मोटार, ना ती विहीर. शुक्रवारी कळवतो म्हणालो. आज बाजारातून पळून आलो तेव्हा वाटलं, उद्या कशाला, आताच कळवतो, हो म्हणून.

मग पंपावर तोंड धुतलं आणि दुकानाच्या दारात जाऊन बसलो. घरात नाही, दारात. पाठ भिंतीला लावली. श्वास सावकाश सोडला. धडधड होऊ दिली. रस्त्यावरून जाणारे येणारे पाहत होते. किती वेळ गेला माहीत नाही, पण उतरलं, यमुना. पहिल्यांदा मी पाहिलं उतरताना. तू दारात घामेजून का हसत होतीस ते आज कळलं.

तुला शब्द देतो. पुढच्या मंगळवारी मी आर्वीला जाईन, त्याच मोटारीनं, पुढच्या बाकावर बसून. कुणी विचारलं तर वायू म्हणणार नाही. बाईंच्या समोरच्या खुर्चीत बसेन आणि या वेळी बिजागऱ्या पाहणार नाही. मुलाचं बोलेन. तुझं बोलेन. अर्ध्यातून उठणार नाही.

शेटजींना आताच माणूस पाठवून नाही म्हणून कळवलं. सोडलं ते हे: हेड मिस्त्रीची जागा, आवारात खोली, दोन वेळचं जेवण, आणि महिना एकशे साठ रुपये.

तुझा,
गणपत