राजधानी पडल्यावर

राणीसरकार,

शिफ्टला निघालोय. गाढ झोपली होतीस, म्हणून उठवलं नाही. चहा थर्मासमध्ये आहे.

काल गेममध्ये तुझी राजधानी पडली, तेव्हा मी सारखा मागे लागलो होतो, जुना सेव्ह लोड करून राजधानी पडायच्या आधीपासून खेळ म्हणून. "ती चीटिंग आहे," म्हणालीस आणि उरलीसुरली माणसं जहाजात घालून उजाड बेटावर गाव वसवायला बसलीस! मी तर साधा पूल पडला तरी मागे जातो. माझं अख्खं साम्राज्य लबाडीचं. तुझ्या त्या चार झोपड्यांची त्याला सर नाही.

आणि हो, शिवणाचं दुकान बंद केल्यावर तू पाटी माळ्यावर टाकायला सांगितली होतीस. नाही टाकली. पुसून दाराशी ठेवलीय.

— तुझाच, चीटर