तुम्ही माझाच प्रोग्रॅम का थांबवायचात

सर,

आज अर्धापूरला गेले होते. तिथे केळी पिकवायच्या एका चेंबरवर माझा प्रोग्रॅम चालतो. गॅस किती सोडायचा, गारवा कधी वाढवायचा, आतली हवा कधी बदलायची, सगळं तोच बघतो. चेंबर सांभाळणाऱ्या चाचांना अधूनमधून तो थांबवून आत जावं लागतं, केळी हातात घेऊन बघावी लागतात. थांबवलं म्हणून माझा प्रोग्रॅम मरत नाही. हातातलं काम पुरं करतो, गॅस कुठवर सोडून झालाय ते लक्षात ठेवतो आणि वाट बघत बसतो. नाहीतर पुन्हा चालू केला की पहिल्यापासून गॅस सोडेल आणि सगळा माल नासेल. चालू होण्याआधी तो विचारतो, आत कोणी आहे का? नाही म्हटलं तरी पुन्हा एकदा विचारतो. हे दुसऱ्यांदा विचारणं चाचांना लागलं होतं, आणि तीच तक्रार ऐकायला मला बोलावलं होतं.

"आमच्यावर भरोसा न्हाई व्हय, मॅडम? एकदा न्हाई म्हणलं की न्हाई. लेकराला इचारल्यावानी इचारून राहिली तुमची मशीन."

"चाचा, ती सगळ्यांनाच विचारते. मालक आले तरी विचारणार."

"मालकाला बी? दोनदा?"

"मालकाला बी दोनदाच."

चाचांचा चेहरा खुलला. "मंग हरकत न्हाई. इचारू दे," म्हणाले आणि चहा मागवला. मीही खुशीत चहा प्याले. नांदेडच्या बसमध्ये बसले आणि तुमची आठवण आली, तेव्हा ती खुशी उतरली. कारण तुम्ही सगळ्यांना विचारत नव्हता, सर.

कॉलेजची लॅब. माझ्या स्क्रीनवर आकडे पळताहेत. तुम्ही मागून येता, माझ्या खांद्यावरून हात घालता आणि कंट्रोल आणि सी दाबता. खडूची भुकटी कीबोर्डवर पडते. प्रोग्रॅम जागीच मरतो. "आता?" तुम्ही विचारता. "आता पुन्हा पहिल्यापासून, सर." "का? कुठवर आली होतीस ते तुला ठाऊक नाही?" आणि तुम्ही पुढे जाता. पुढच्यांचे आकडे मजेत पळत राहतात. आमच्या बॅचमध्ये तुम्ही दुसऱ्या कुणाचा प्रोग्रॅम थांबवलेला मी कधी पाहिला नाही, आणि मी चांगलं डोळ्यांत तेल घालून पाहत होते. पहिल्या दिवशी हजेरी घेताना माझ्या आडनावाशी तुमचा पेन थांबला होता. थांबला होता, की मला तसं वाटलं, हे आज छातीठोक सांगता येत नाही. पण हिमायतनगरहून निघताना आईने बुद्धाच्या तसबिरीपुढे उभं करून बजावलं होतं, "सायेब लोक काय इचारतेत ते मागून बघ. का इचारून राहिले ते आधी बघ." मी तेच करत होते.

शेवटी चिडून शिकले. थांबवण्याची खूण आली की ती पकडायची, अर्धवट काम नीट जागेवर आणायचं, जागा लक्षात ठेवायची, समोरच्याला विचारायचं, पुढे जाऊ की बंद करू? प्रॅक्टिकलच्या परीक्षेत, बाहेरचे परीक्षक शेजारी उभे असताना, तुम्ही पुन्हा तेच केलंत. माझा प्रोग्रॅम थांबला, त्याने विचारलं, आणि होता तिथून पुढे निघाला. तुम्ही फक्त "हं" म्हणालात. तो "हं" मी इतक्या वर्षांत सगळ्या बाजूंनी उलटून पाहिला आहे, त्यातून काही निघत नाही. त्यानंतर संध्याकाळी लॅबची किल्ली तुम्ही माझ्याकडे देऊ लागलात. "हवं तितका वेळ बस. जाताना मशिनींवर कव्हरं घाल." इतकी मुलं होती, किल्ली मलाच का? माझ्यावर विश्वास होता म्हणून, की कव्हरं घालायला, मागची आवराआवर करायला आमच्यातलंच कुणी बरं म्हणून? विचारायची हिंमत झाली नाही, आणि नोकरी लागून हिंमत आली तोवर तुम्ही हे जग सोडून गेला होता.

तुमचा मुलगा नांदेडलाच असतो, हे पत्र त्याला देता येईल. देणार नाही. तो वाचून म्हणेल, बाबा तसे नव्हते. घरच्या माणसाने दिलेली ग्वाही काय कामाची!

मुरुडची एक मुलगी तुमच्याच हाताखाली दुसऱ्या बॅचला होती, आमच्यातली नव्हे. ती आता लातूरला शिकवते, तिचा नंबर माझ्याकडे आहे. बसमध्ये दोनदा काढला. तिला एवढंच विचारायचं होतं, सर तुझाही प्रोग्रॅम थांबवायचे का? ती हो म्हणाली, तर माझा सगळा संशय एका क्षणात संपेल. मला सुटल्यासारखं वाटायला हवं. पण बसमध्येच कळलं की मला तो हो नको आहे. तुम्ही सगळ्यांचेच थांबवत असाल, तर मी तुमच्या लक्षातसुद्धा नव्हते, सर.

फोन केला नाही.