दसऱ्यानंतरचे एकशे त्रेचाळीस व्हॉल्व

अंबड, नाशिक
१२ मे

श्री. सहादू भाऊजी यांस,

लताबाईचा नमस्कार. तुम्ही चांदवडला खुशाल आहात असं मी धरून चालते. आजारी असता तर निदान फोन उचलला असता. अकरा वेळा लावला. उज्वलाचे गुडघे कसे आहेत? तिला सांगा, मी दिलेलं तेल ती लावत नाही हे मला इथे बसून कळतं. माझं बरं चाललंय. साखर वाढलीय, पण ती कमी कधी होती. नळाला नऊ दिवस पाणी नाही, आणि गल्लीच्या तोंडाशी मात्र रस्त्याखालून एवढं पाणी वाहतंय की लोक त्यात गाड्या धुतात. पाइप फुटलाय. तो दुरुस्त करायचा तर आधी पाणी बंद करायला हवं, आणि पाणी बंद करायचा व्हॉल्व कुठे पुरलाय हे कोणालाच माहीत नाही. तीन ठिकाणी रस्ता खणला. एका खड्ड्यात टेलिफोनची वायर निघाली, दुसऱ्यात नुसता मुरूम, तिसऱ्यात दत्तू प्लंबर पडला. ही वेळ कशी आली ते कळवायला पत्र लिहितेय. तुम्हाला बोलवायला नाही.

मी ज्या ऑफिसात चहा करते आणि फरशी पुसते तिथे पाण्याच्या पाइपांचा नकाशा कॉम्प्युटरात सांभाळतात. (भिंतीवर टांगायचा नकाशा नव्हे. यात प्रत्येक पाइप आणि प्रत्येक व्हॉल्व जमिनीवर नेमका कुठे, ते दोन आकड्यांत भरलेलं असतं, आणि ठिपक्यावर बोट लावलं की त्याची कुंडली वर येते.) डिसेंबरात त्यांनी तुमच्या भावाला बोलावलं. चौतीस वर्षं व्हॉल्व फिरवून गावाला पाणी सोडलेला माणूस, रिटायर होऊन घरात माझ्या फोडणीत चुका काढत बसलेला. मी म्हटलं, न्या, उद्या नको, आजच न्या. बावीस दिवस ते रविराजबरोबर फिरले. रविराज म्हणजे आमचा कॉम्प्युटरवाला, चाळिशीचा, केस मागे हटत चाललेला, फार बोलत नाही. हे काठीने रस्ता ठोकायचे आणि म्हणायचे, "इथं हाय. वर काँक्रीट झालं म्हणून काय तो उठून गेला?" रविराज तिथे मोबाइल धरायचा, की पडला ठिपका. नवे रस्ते झाले तेव्हा जे जे खाली गाडलं गेलं ते सगळं यांनी असं वर काढलं. एकशे त्रेचाळीस व्हॉल्व. कागदावर एकही नाही. माघात ते गेले. पुढचं तुम्हाला माहीत आहे, कारण दहाव्याला तुम्ही आला होता आणि न जेवता निघून गेलात.

पाडव्यानंतर ऑफिस अंबडहून गंगापूर रोडला हललं. तिथे काचेचं दार आहे, ते दिवसातून चार वेळा पुसावं लागतं, कारण साहेबांना ते दिसत नाही आणि ते त्यावर कपाळ आपटतात. जुनं मोठं मशीन भाड्याचं होतं. आतलं सगळं काढून टाकून ते परत दिलं. साहेब म्हणाले, काळजी नाही, नकाशाची नक्कल रोज एका काळ्या डबीत जाते, ती डबी नव्या मशीनला लावली की झालं. (रोज जाते हे त्यांनी डोळ्यांनी पाहिलं होतं का, असं मला विचारायचं होतं. मला कोण विचारू देतंय.) रविराजने डबी जोडली आणि सगळं नव्या मशीनमध्ये ओतायला घेतलं. दीड तासाने लाल अक्षरांची रांग लागली. याद्या आल्या, जागा आल्या नाहीत. म्हणजे सहा इंची, गंजलेला, आटे गेलेला, एवढं आलं. कुठे, ते नाही. झालं असं होतं की नव्या मशीनला नुसती अक्षरं आणि आकडे कळत होते. नकाशा कळण्याचा भाग वेगळा असतो, तो आधी बसवावा लागतो, आणि तो कोणी बसवलाच नव्हता. सोऱ्यात चकती न घालता पीठ दाबलं तर चकली पडेल का? मी एवढंच बोलले, तर साहेब म्हणाले, "मावशी, तुम्ही चहा ठेवा." ठेवला. साखर घातली नाही.

दुसऱ्या दिवशी तो भाग बसवला, आदलं सगळं काढलं आणि पुन्हा पहिल्यापासून ओतलं. आता ठिपके आले, पण नाशकात एकही नाही. उभा आकडा आडव्याच्या जागी जाऊन बसला होता. अख्ख्या गावाचं पाणी जगाच्या वरच्या टोकाला, बर्फाच्या समुद्रात. सगळे त्या निळ्या रंगाकडे बघत उभे. मी म्हटलं, तिथे तरी टँकर लागणार नाही. कोणी हसलं नाही. तिसऱ्या दिवशी आकडे सरळ केले. गोदावरी आली, रस्ते आले, पाइप आले, साहेबांनी पेढे मागवायला सांगितले. मी रविराजला म्हटलं, आमची गल्ली काढ. काढली. व्हॉल्व नाही. शेजारची काढ. नाही. एकशे त्रेचाळीसातला एकही नाही.

डबीतली शेवटची नक्कल दसऱ्याच्या आदल्या दिवसाची निघाली. त्यानंतर डबीची वायरच कोणीतरी काढून ठेवली होती. "नक्कल झाली नाही" असा निरोप मशीन रोज सकाळी धाडत होतं, पण तो ऑफिसातल्या निकिताच्या नावावर, आणि निकिता दिवाळीत लग्न करून पुण्याला गेली. सहा महिने मशीन बोंबलत होतं आणि ऐकणारी सासरी. आता खापर रविराजवर फुटलंय. तो खाली मान घालून तेच तेच परत ओततो, जसं काही चौथ्या खेपेला दसऱ्यानंतरचं पण त्यातून पडेल.

त्या नकाशात प्रत्येक ठिपक्याला एक रकाना होता, "कोणी दाखवला". हे गेल्यावर रविराज कधी दुपारी मला नकाशा उघडून द्यायचा आणि स्वतः बाहेर जाऊन उभा राहायचा. मी चौथी नापास, पण तेवढ्या शिक्षणात त्यांचं नाव वाचता येतं. बोट लावायचं, नाव यायचं. पुढचा ठिपका, पुन्हा नाव. जे नाव जन्मात तोंडाने घेतलं नाही ते एकेका दुपारी चाळीस-चाळीस वेळा वाचलं. फोटोला हार घालून मला तेवढं वाटत नाही, खोटं कशाला सांगू. आता बोट लावते तर नुसता रस्ता.

असो. रडत बसायला मला वेळ नाही, हंडे घेऊन पलीकडच्या कॉलनीत जायचंय. तब्येतीला जपा. तंबाखू सोडली असेल असं वाटत नाही.

तुमची वहिनी,
लताबाई

ता. क. दत्तू म्हणतो की हे व्हॉल्व माहीत असलेला आता एकच माणूस उरलाय, आणि तो चांदवडला रुसून बसलाय. हे दत्तूचं म्हणणं. दहाव्याला चारचौघांत मी म्हणाले की व्हॉल्व सगळे यांनी शोधले, तुम्ही पाणी सोडायला बरोबर जाऊन नुसते सायकल धरून उभे राहायचात. ते म्हणायला नको होतं. सायकल धरायलाही कोणीतरी लागतंच. (आता वाचलं तर हे आणखीच वाईट झालंय. पण कागद एकच आहे, खोडत नाही.) सकाळच्या एस.टी.ने या. द्वारका चौकात उतरा, दत्तू घ्यायला येईल. बावीस दिवसांचे कपडे आणा.

ता. क. २. वायर मी काढली. दसऱ्याला मशीनची पूजा मांडायला मलाच सांगतात. डबी लहान, दिसायला बरी, म्हणून सोडवून पाटावर ठेवली, हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. नंतर गणपतीच्या फोटोशेजारी ठेवली ती तिथेच राहिली. मांडलेल्या देवाला हात कोण लावणार. ऑफिस हललं तेव्हा टॉवेलात गुंडाळून मीच नेऊन रविराजच्या हातात दिली. काल साहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, मावशी, तुम्ही त्याला वाचवायला बघताय, पण असं खोटं बोलू नका. फरशी पुसणाऱ्या बाईच्या हातून एवढं मोठं नुकसान होऊ शकतं, हेसुद्धा त्यांना पटत नाही. तुम्हाला पटेल. तुम्ही मला ओळखता.

ता. क. ३. रविराजला आताच सांगून ठेवलंय, तुम्ही दाखवलेल्या प्रत्येक व्हॉल्ववर दोघा भावांची नावं टाकायची. तो म्हणतो, रकान्यात एकच नाव बसतं. मी म्हटलं, मग रकाना मोठा कर. करतो म्हणालाय. आधी मोठ्याचं येईल. कबूल नसेल तर इथे या, आणि रस्त्यात उभं राहून भांडा.