ब्रेकांचं पान

कारंजा,
ता. १३ फेब्रुवारी १९४७

प्रिय उदयसिंग,

सोमवारी दुपारी तुझी गोजराबाई आली होती. पदराखाली झाकून कोरं पोस्टकार्ड आणलं होतं. ओसरीवर टेकली आणि म्हणाली, "गुरुजी, त्याईले लिहा, होळीले येतो म्हणले होते, तं भुसावळाहून कोणत्या दिवशी निंगता? मले स्टेशनावर जाता येईन." हे वाचून तुझ्या कपाळाला आठी पडेल. होळीचं मी कधी बोललो, असं तू मनाशी म्हणशील. ती आठी तशीच असू दे. मी तिथवर येणारच आहे, पण सरळ वाटेनं येणं मला जमत नाही, हे तुला माझ्या वर्गात बसल्यापासून ठाऊक आहे. गणिताच्या तासाला खिडकीतून पाखरांचा थवा दिसला की मी फळा सोडून कवितेकडे वळायचो, आणि तुम्ही पोरं सुटलो म्हणून एकमेकांना कोपर मारायचात.

मी आता पार थकलो आहे, बाबा. पेन्शन होऊन दोन वर्षं झाली. सकाळी उठतो तो आदल्या दिवसाचा शीण घेऊनच. कविता अजून आठवतात, पण मधलंच एखादं कडवं गळून जातं आणि पुढचं पाठ असूनही म्हणवत नाही. परवा शाळेवरून गेलो तर आत पोरं एका सुरात ओरडत होती. पाऊल अडलं. तू त्या बाकावर बसायचास, डाव्या हाताच्या दुसऱ्या. कविता तुला कधीच पाठ झाली नाही. पण कापसाच्या जिनिंगचा भोंगा झाला की तू डोळे मिटून सांगायचास, "गुरुजी, आज इंजिनचा आवाज बसला हाये." तेव्हा मी तुला छडी मारली होती. आज वाटतं, त्या वर्गात खरा कान एकट्या तुलाच होता.

गेला उन्हाळा मला फार आठवतो. पूनमचंद सेठजींची ती बेबी मोटार, लढाईच्या आधी घेतलेली, पेट्रोलच्या टंचाईत चार वर्षं झाकून ठेवलेली. दिसायला गोंडस, पण चार माणसं बसली की पातूरच्या वाटेवर मालेगावच्या पुढच्या घाटात तिचा जीव जायचा. सेठाणी सूरजबाई माहेरी निघाल्या की अर्ध्या चढावर सगळ्यांनी उतरायचं, फराळाचा डबा हातात घेऊन पायी चालायचं आणि मोटारीनं मागून धापा टाकत यायचं. एकदा कापसाच्या गाडीवाल्यानं विचारलं, "सेठजी, बैल लावू काय पुढं?" तो शब्द सेठजींच्या जिव्हारी लागला. कामठीच्या लिलावात मोडीत निघालेल्या फौजी जीपचं इंजिन त्यांनी उचललं, ते छोट्या रेल्वेनं आलं, आणि स्टेशनापासून सेठजींच्या आवारापर्यंत बैलगाडीवर! गावाचा मिस्त्री म्हणून तुला निरोप गेला. तू इंजिनाभोवती एक फेरी मारलीस, मग मोटारीभोवती, आणि म्हणालास, "बसते. पण मोटारीले आपलं तोंड बदलावं लागन."

आणि मग मला बोलावणं आलं. सेठजींच्या मुंबईच्या पाहुण्यांनी घरच्या घरी मोटारीची कामं करणाऱ्यांसाठीचं एक जाड इंग्रजी पुस्तक पाठवलं होतं. लहान मोटारीत मोठं इंजिन कसं बसवावं, यावर त्यात एक पूर्ण प्रकरण होतं. गावात इंग्रजी कोणाला येतं? जगदेव मास्तरांना! स्नेहसंमेलनात इंग्रजी कविता म्हणतात ना ते! उदयसिंग, माझं इंग्रजी तीन वाचनमालांचं. कविता मी नादावर पाठ केल्या होत्या, निम्म्यांचा अर्थ मलाही लागत नव्हता. पण टिनाच्या शेडमध्ये माझ्यासाठी खुर्ची मांडली होती, ओली पोती टांगून गारवा केला होता, आणि तू हात पुसून समोर उकिडवा बसला होतास, शाळेत कधी बसला नाहीस इतका लक्ष देऊन. मी चष्मा लावला.

काय दिवस होते ते! लिंबाच्या फांदीला जिनिंगमधली साखळी-कप्पी बांधून तू जुनं इंजिन उपसलंस. नवं इंजिन पुढून वीतभर बाहेर येत होतं, म्हणून पाण्याची टाकी पुढे सरकवलीस. बैलगाडीच्या चाकाची जुनी लोखंडी धाव लोहाराकडून ठोकून घेऊन तिच्या इंजिनाखालच्या बैठका केल्यास. बॉनेट मिटेना, तर त्याला चामड्याचा पट्टा लावलास. सूरजबाई आतून ताक पाठवायच्या आणि निरोपही पाठवायच्या, "त्या मिस्त्रीले म्हणा, मोटारीची बैलगाडी नोको करू." मी वाचायचो, तू करायचास. खरं सांगायचं तर मी दोन ओळी वाचून पुढच्या चार माझ्या मनानं जुळवायचो, आणि तुझे हात इतके शहाणे होते की चुकीचं सांगितलं तरी ते बरोबरच करायचे. मला वाटू लागलं, मला कळतंय. म्हाताऱ्या माणसाला असा भ्रम फार गोड लागतो.

एका दुपारी तू विचारलंस, "गुरुजी, ब्रेकाचं काय म्हणते पुस्तक? हे तं तारेचे ब्रेक हायेत. इंजिन एवढं जबर, मले शंका येऊन राह्यली." मी पान उलटलं. ते पान बारीक अक्षरात होतं, आकडेमोड होती, आणि एकही ओळ मला लागेना. सेठजी शेडच्या दारात कोणाशी तरी बोलत उभे होते. मी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला आणि म्हणालो, "मूळचेच ठेवायचे. पुरतात म्हणते." तू एक क्षण माझ्याकडे पाहिलंस. मग म्हणालास, "पुस्तक म्हणते तं मंग झालं."

इंजिन पहिल्यांदा सुरू झालं तेव्हा लिंबावरचे सगळे कावळे उडाले. सूरजबाईंनी बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं. आठ दिवसांनी आपण घाट चढलो, न थांबता, न उतरता. सेठजींनी एका कापसाच्या गाडीजवळ मुद्दाम मोटार हळू करायला लावली आणि डोकं बाहेर काढून विचारलं, "काय रे, बैल पाह्यजे काय?" तू इतका हसलास की मोटार वाकडी चालली. त्या दिवशी तुझ्या चेहऱ्यावर जे होतं ते मी आयुष्यात फार थोड्या माणसांच्या चेहऱ्यावर पाहिलं. आपल्या हाताची ओळख पटलेला माणूस असा दिसतो.

दसरा करून पातूरहून परत येतानाचं मी तुला काय सांगू? तू चालवत होतास, सेठजी तुझ्या शेजारी, मागे सूरजबाई, त्यांच्या वहिनी आणि मी. उतार लागला तेव्हा मी पळसाची झाडं बघत काहीतरी गुणगुणत होतो. मग तुझा पाय दिसला. ब्रेकवर पूर्ण दाबलेला, फळीला टेकलेला, आणि मोटारीचा वेग वाढतच चाललेला. तार तुटल्याचा आवाज झाला तो अगदी बारीक, सतारीची तार तुटावी तसा. एका बाजूला दरी, पुढे वळणावर दोन बैलगाड्या. तू मोटार डोंगराच्या अंगाला घासत नेलीस, दगडावर दगड मोडत, आणि गाड्यांच्या चार हात अलीकडे ती थांबवलीस. दुसरा कोणी चालवत असता तर आम्ही चौघंही आज नसतो. पण सूरजबाईंचा पाय मांडीत मोडला होता आणि त्यांचा आकांत त्या घाटात मावत नव्हता. सेठजींनी तुझी गचांडी धरून विचारलं, "ब्रेक काहून नाही बदलले?" तू म्हणालास, "चूक माही हाये, सेठजी." माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाहीस. मी तीन हातांवर उभा होतो. माझ्या हाताला नुसतं खरचटलं होतं, त्यावर मी रुमाल बांधत होतो. रुमाल बांधायला माणसाला किती वेळ लागतो रे? मला लागला तेवढा.

त्यानंतरचं तुला माहीतच आहे. सेठजींनी फिर्याद केली नाही, पण "या हाताले माही मोटार नाही" एवढं ते भर बाजारात म्हणाले, आणि मग कोणाचंच इंजिन त्या हाताला लागेना. तू भुसावळला गेलास. ज्याला वाफेच्या आवाजावरून इंजिनाचं दुखणं कळतं, तो तिथल्या यार्डात कोळशाच्या टोपल्या वाहतो, हे मला इथे रोज जेवताना आठवतं. तू गेल्यावर मी ते पुस्तक घरी आणलं. हायस्कुलातून मोठा शब्दकोश मागून घेतला. त्या एका पानाला मला अकरा दिवस लागले. त्यात लिहिलं आहे: ज्यानं मोठं इंजिन बसवलं त्यानं मोटार रस्त्यावर नेण्याआधी ब्रेक बदललेच पाहिजेत, मूळचे ब्रेक एक उतारही धरणार नाहीत, आणि ज्याला हे करायचं नसेल त्यानं या कामाला हात घालू नये. तू नेमकं तेच विचारलं होतंस. पुस्तकानं नेमकं त्याचंच उत्तर दिलं होतं. मध्ये मी बसलो होतो.

आणि तरी मी गप्प राहिलो. उद्या सांगू, सूरजबाईंचा पाय बरा झाला की सांगू, असं करत दिवाळी आली आणि तुझं पत्र आलं. आता त्या आठीपाशी येतो. तू लिहिलं होतंस की गोजराबाईनं माझी वाट पाहू नये, कामरगावला माहेरी निघून जावं, मी पुन्हा हातात पाना धरणार नाही आणि कारंज्यात तोंड दाखवणार नाही. ती समोर बसली होती. पत्र आलं म्हणून ठेवणीतलं लुगडं नेसून आली होती. मी चष्मा पुसला, अगदी तसाच, आणि वाचलं, "मी खुशाल आहे. काळजी करू नये. होळीला येतो." तिनं ते पत्र माझ्या हातून घेतलं, कपाळाला लावलं आणि घरी नेलं. दिवाळीपासून ती त्या तीन वाक्यांवर राहते आहे, आणि त्यांतलं एकही तुझं नाही.

सोमवारी तिनं पुढे सांगितलं ते ऐक. "लिहा गुरुजी, मोटारीचं मनाले लावून नोका घेऊ म्हणा. चूक तं माणसाकडूनच होते." मी टाक बुडवला, पण तो शब्द माझ्यानं लिहवेना. पोस्टकार्ड ठेवून जा, सावकाश लिहितो, म्हणून तिला पाठवलं. काल सकाळी पुस्तक आणि माझं भाषांतर घेऊन मी सेठजींच्या पेढीवर गेलो. आठ-दहा माणसं होती. उभं राहूनच सगळं वाचलं, आधी पान, मग माझी करणी. सेठजींनी माझ्या हातातलं पुस्तक घेऊन ते पान स्वतः पाहिलं. मग म्हणाले, "मास्तर, चार महिने पोटात ठेवलं?" आतून काठीचा आवाज आला. सूरजबाई दारापर्यंत आल्या आणि म्हणाल्या, "त्या पोराले मी रोज शिव्या देल्या जी. आता त्या तुमाले देऊ काय?" मी म्हटलं, द्या. त्यांनी दिल्या, दोन चांगल्या सणसणीत. मग म्हणाल्या, "बसा आता. उभ्यानं पडसान, मंग तुमचाबी पाय मोडन." मी बसलो नाही. बाहेर पडलो तर पिठाच्या चक्कीवाला जानराव मागून आला. "मास्तर, तुमचं पाप तुमच्यापाशी. माही चक्की दिवाळीपासून खोकलून राह्यली. अकोल्याचा मिस्त्री दोनदा येऊन गेला. उदयसिंगचा पत्ता द्या." मी दिला नाही. आधी त्याला विचारतो, म्हटलं.

म्हणून हे पत्र. क्षमा मागायला म्हणावं तर तीही तुझ्याच माथी एक ओझं होईल. घाटात तू माझ्याकडे का पाहिलं नाहीस, तुला तेव्हाच कळलं होतं का, हे विचारायचंही मला धैर्य नाही. जानरावला पत्ता द्यायचा की नाही, एवढं कळव. आणि होळीला तीन आठवडे आहेत, तेव्हा गोजराबाईला काय ते तूच लिही. येतो म्हण, येत नाही म्हण, माहेरी जा म्हण, मास्तराचं तोंड पाहू नको म्हण. दिवाळीच्या पत्रात खरं काय होतं, ते मी तिला उद्या सकाळी तिच्या दारात जाऊन सांगणार आहे. त्यानंतर तुझं पत्र तिनं माझ्याकडे आणलंच, तर या वेळी मी ते जसंच्या तसं वाचून दाखवीन.

तुझाच, पण गुरुजी म्हणवून घ्यायला आता कचरणारा,
जगदेव